फोर्तिसचा दिवा: रोमन साच्याचा तेलदिवा घडवण्याची रीत

पणती उघडी असते, रोमन दिवा झाकलेला. बाकीचे सगळे फरक यातूनच निघतात. पणती चाकावरून मिनिटाभरात उतरते. झाकलेला दिवा चाकावर काढायचा तर भिंत वर आणून आत वळवावी लागते, चोच वेगळी करून चिकटवावी लागते आणि इतकं करूनही वरच्या बाजूला नक्षी उठत नाही. इ.स.पू. तिसऱ्या शतकापासून भूमध्य समुद्राकाठच्या कुंभारांनी यावर दोन भागांचा साचा हा उपाय रुळवला. खालचा अर्धा, वरचा अर्धा, दोन्हींत माती दाबायची, एकावर एक ठेवायचे आणि उघडायचं. रोमन काळात हा धंदा इतका वाढला की बुडावर नाव उठवलेले दिवे साम्राज्यभर विकले जाऊ लागले.

इथे दिलेली रीत अशाच नाववाल्या दिव्याची आहे. जर्मन अभ्यासक त्याला ‘फिर्मालांपे’ म्हणतात, म्हणजे कारखान्याचा दिवा. स्वित्झर्लंडमधल्या विन्डोनिस्सा या रोमन छावणीत सापडलेल्या दिव्यांची वर्गवारी अभ्यासक लोश्के यांनी १९१९ साली प्रसिद्ध केली. त्या वर्गवारीत हे दिवे नवव्या आणि दहाव्या प्रकारात येतात. आपण दहावा घेऊ. त्याला मूठ नसते, अंग जाड असतं, बाजू सरळ उताराच्या असतात आणि चित्र असलंच तर मधल्या चकतीवर एखादा मुखवटा, एवढंच. ग्लॅडिएटर, गलबतं, देवादिकांची चित्रं असलेले, चोचीच्या दोन्ही अंगांना वेलांटीसारखी वळणं काढलेले दिवे दिसायला सुंदर खरे, पण पहिल्या साच्याला त्यांच्या वाटेला जाऊ नये. त्या वळणांतच माती अडकते.

दिव्याचे भाग

वरून पाहिलं तर मध्ये खोलगट चकती आणि तिच्याभोवती उभा कंगोरा. दहाव्या प्रकारात हा कंगोरा चोचीच्या बाजूला उघडा असतो आणि दोन समांतर काठांनी चोचीपर्यंत जातो. त्यामुळे चकती आणि वातीचं भोक यांच्यामध्ये एक पन्हळ तयार होते. कंगोऱ्याबाहेर उतरता खांदा, त्यावर दोन किंवा तीन चौकोनी गुठळ्या. चकतीत तेल ओतायचं भोक, चोचीच्या टोकाला वातीचं भोक आणि पन्हळीत एक बारीकसं वाऱ्याचं भोक. बुडाला एक-दोन गोल कडी आणि त्यांच्या आत उठावाच्या अक्षरांत नाव.

सगळ्यात जास्त सापडणारं नाव फोर्तिस. हा धंदा मूळचा उत्तर इटलीतल्या मुतिना, म्हणजे आजच्या मोदेना, परिसरातला. पॉम्पेईत १८८१ साली एक न उघडलेला पेटारा मिळाला. त्यात दक्षिण गॉलचे, म्हणजे आजच्या दक्षिण फ्रान्सचे, लाल वाडगे आणि उत्तर इटलीचे दिवे एकत्र भरलेले होते. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसचा उद्रेक झाला तेव्हा हा माल नुकताच येऊन पडला असावा.

आधी आकसाचा हिशेब

ओली माती वाळताना आकसते आणि भाजताना आणखी थोडी. साध्या लाल मातीचा एकूण आकस ८ ते १२ टक्के धरतात, पण दुसऱ्याच्या आकड्यावर साचा करू नये. तुम्ही वापरणार त्या मातीची १२ सेंमी लांब, ४ सेंमी रुंद, १ सेंमी जाड पट्टी लाटा. तिच्यावर सुरीने बरोबर १० सेंमीची रेघ मारा. पट्टी वाळवून, दिवा भाजणार त्याच तापमानाला भाजा आणि रेघ पुन्हा मोजा. ९ सेंमी भरली तर आकस १० टक्के. मग १० सेंमीचा दिवा हवा असेल तर नमुना १० भागिले ०.९, म्हणजे ११.१ सेंमीचा. १० मध्ये १० टक्के मिळवून ११ करणं ही नेहमीची चूक. एका दिव्यात ती खपते, दोन भाग वेगळ्या मातीचे असतील तर खपत नाही.

पुढची मापं १० टक्के आकस धरून दिली आहेत. नमुन्याची लांबी ११ सेंमी, अंगाची रुंदी ७.५, उंची ३.५, चोच अंगाबाहेर ३.५ सेंमी. भाजून हाती येणारा दिवा साधारण ९.९ सेंमी लांब आणि ३.२ सेंमी उंच असेल.

नमुना

नमुना भरीव करायचा आणि शाडूचा करायचा. शाडू बारीक, नक्षी छान धरणारी आणि गणपतीच्या निमित्ताने कुठेही मिळणारी. नमुना भाजायचा नाही, फक्त एकदा साचा उतरवायचा, त्यामुळे शाडू वाळल्यावर तडकते ही तिची खोड इथे आड येत नाही. मात्र साचा ओतेपर्यंत ओल्या फडक्याखाली ठेवा.

पाव किलोहून थोडी जास्त शाडू मळून चपटा गोळा करा. बूड सपाट, बाजू बाहेर झुकत वर आलेल्या, सर्वांत रुंद भाग उंचीच्या साधारण दोन तृतीयांशावर आणि तिथून खांदा आत उतरलेला. ही सर्वांत रुंद रेषा म्हणजेच साच्याचा सांधा. ती अंगावरून चोचीच्या टोकापर्यंत एकाच पातळीत गेली पाहिजे. चोचीशी वर किंवा खाली सरकली की साच्याचे दोन भाग तिथे नीट बसत नाहीत आणि प्रत्येक दिव्याची चोच गळते.

कंगोरा ३ मिमीच्या मातीच्या वळीचा करा आणि लाकडी कोरणीने दोन्ही बाजूंनी किंचित उतार द्या. खांद्यावरच्या गुठळ्यांच्या बाजूही तशाच उताराच्या. नमुना टेबलावर ठेवून त्याच्याभोवती सुतारी गुण्या उभा फिरवा. सांध्याच्या वर नमुन्याची बाजू सगळीकडे गुण्याच्या कडेपासून आत जाताना दिसली पाहिजे, बाहेर येताना नाही. बाहेर आली की तिथे साचा अडकणार. नमुना उलटा ठेवून खालच्या भागालाही हीच परीक्षा.

भोकं नमुन्यात पाडायची नाहीत. त्यांच्या जागी टाचणीने नुसती खूण करा. ती साच्यात बारीक टेंब म्हणून येते आणि प्रत्येक दिव्यावर भोकाची जागा आपोआप दाखवते.

प्लास्टरचा साचा

इटलीत भाजक्या मातीचे साचे चालत. उत्तर आफ्रिका, इजिप्त अशा भागांत जिप्समचे, म्हणजे आपल्या प्लास्टर ऑफ पॅरिसच्या जातीचे साचे सर्रास वापरत. प्लास्टरच्या साच्याची एक खूण दिव्यावर राहते. ओतताना अडकलेला हवेचा बुडबुडा साच्यात खड्डा करतो आणि दिव्यावर तिथे मोहरीएवढा फोड उठतो. संग्रहालयातल्या दिव्याच्या चकतीवर असे गोल दाणे दिसले तर ती नक्षी नसते, कुणाच्या तरी हातून प्लास्टर घाईने ढवळलं गेलेलं असतं.

नमुना सांध्याच्या रेषेपर्यंत मातीच्या गादीत बसवा, वरची बाजू उघडी. गादी सांध्याशी काटकोनात आणि गुळगुळीत भिडली पाहिजे. फट राहिली तर प्लास्टर खाली उतरतं आणि सांधा दातेरी होतो. नमुन्याभोवती सगळीकडून ३ सेंमी जागा सोडून पत्र्याची किंवा जाड प्लास्टिकची भिंत उभी करा आणि बाहेरून माती थापून फटी बंद करा. गादीत नमुन्यापासून दूर तीन ठिकाणी रुपयाच्या नाण्याने गोल फिरवून उथळ खड्डे करा. एका भागावर यांची टेंगळं होतील, दुसऱ्यावर खळगे. दोन भाग नेमके जुळतात ते यांच्यामुळे. तीन खड्डे समान अंतरावर करू नका, नाहीतर साचा उलटासुलटाही बसतो आणि वरच्या भागाची चोच खालच्याच्या मागच्या बाजूला येते.

एका भागाला ६०० मिली पाणी आणि ८०० ग्रॅम पीओपी पुरतं. पाण्यात पीओपी भुरभुरवायचं, पीओपीवर पाणी ओतायचं नाही. पृष्ठभागावर कोरडी बेटं दिसू लागली की थांबा, दोन मिनिटं भिजू द्या, मग हात तळाशी ठेवून बोटांनी हलकेच ढवळा. दोन-तीन मिनिटांत पातळ बासुंदीसारखं होतं. आधी ब्रशने नमुन्यावर एक पातळ हात द्या, विशेषतः कंगोऱ्याच्या कोपऱ्यांत, म्हणजे बुडबुडे तिथे बसत नाहीत. मग उरलेलं एका कोपऱ्यातून ओता. उंची नमुन्याच्या माथ्यावर किमान अडीच सेंमी हवी. मिश्रण तापतं आणि अर्ध्या तासात घट्ट होतं. तासाभरानेही मऊच राहिलं तर पोतं ओल लागलेलं किंवा जुनं आहे. त्यात जास्त पावडर घालून काही होत नाही, टाकून द्या. भांडी नळाखाली धुऊ नका. प्लास्टर पाइपमध्येही तितकंच घट्ट होतं.

आता सगळं उलटं करा, मातीची गादी काढा, नमुना जागेवरच ठेवा. उघड्या प्लास्टरवर साबणाच्या दाट पाण्याचे तीन हात द्या, दर वेळी कापडाने पुसून. साबण विसरला तर दोन भाग एकच दगड होतात. छिन्नी लावूनही सुटत नाहीत. शाडूला साबण लावायची गरज नाही. भिंत पुन्हा बांधून दुसरा भाग ओता. अर्ध्या-पाऊण तासाने भिंत काढून सांध्यावर गरम पाणी सोडा आणि दोन्ही भाग सरळ ओढून वेगळे करा, पिळू नका. नमुना यात बहुतेक मोडतोच.

साचा वाळायला ठेवण्याआधी दोन कामं उरतात. पहिलं नाव. दिव्यावर अक्षरं उठावाची हवीत तर साच्यात ती खोल आणि आरशातल्यासारखी उलटी कोरावी लागतात. प्लास्टर ताजं असताना ते खडूसारखं कोरता येतं, वाळल्यावर भुगा पडतो. नाव बटर पेपरवर लिहा, कागद उलटा करा आणि दिसतं ते टोच्याने गिरवा. देवनागरीत इथे हमखास चूक होते. उलट्या कागदावर ‘त’ किंवा ‘म’चा उभा दांडा डावीकडे दिसतो आणि हात सवयीने तो उजवीकडे ओढतो. अक्षरं ८ ते १० मिमी उंच आणि दीड मिमी खोल कोरा. शिरोरेषा सलग न ठेवता प्रत्येक अक्षरापाशी किंचित तोडा, नाहीतर अक्षरांच्या मधलं प्लास्टर सुटून पडतं. स्वतःचं नाव आणि साल जरूर घाला. हुबेहूब ‘फोर्तिस’ लिहून गेरूने जुनाट केलेला दिवा चार हात फिरला की कुणीतरी तो प्राचीन म्हणून विकतो.

दुसरं काम म्हणजे साच्यातून प्लास्टरची प्रत काढून ठेवणं. दोन्ही भागांना साबणाचे चार-पाच हात द्या, प्रत्येकात काठोकाठ प्लास्टर ओता, सपाट करा आणि घट्ट झाल्यावर हलकेच ठोकून काढा. वरचा आणि खालचा असे दोन अर्धे नमुने मिळतात. ते जपून ठेवा, उपयोग शेवटी येईल. साचा गरम पाण्याने धुऊन टाका. उरलेला साबण पहिल्या एक-दोन दिव्यांच्या मातीबरोबर निघून जातो. ते दिवे मोडून माती परत मळायची.

साचे वाऱ्यावर चार-पाच दिवस वाळवा. ऊन चालेल, ओव्हन नको. जास्त उष्णतेने प्लास्टरमधलं बांधलेलं पाणी उडतं आणि साचा हाताला पांढरा लागू लागतो. वाळलेला साचा गालाला लावला तर गार लागत नाही.

माती

कुंभाराची तयार लाल माती मिळाली तर उत्तम. स्वतः माती आणली तर काळी कापसाची माती एकटी वापरू नका. ती फार आकसते आणि तडकते. शिवाय तिच्यात चुनखडीचे बारीक खडे असतात. भाजताना त्यांचा चुना होतो आणि दिवा भट्टीतून बाहेर आल्यावर तो चुना हवेतली ओल पिऊन फुगतो. आठवड्याभराने चांगल्या भाजलेल्या दिव्यावरून टिकलीएवढी कपची उडालेली दिसते आणि तिच्या मध्यभागी पांढरा ठिपका. भट्टीत काही बिघडलं असं वाटतं, पण चूक मातीत असते. माती पाण्यात कालवून ८० नंबरच्या चाळणीतून गाळली की खडे राहत नाहीत.

गाळलेल्या मातीत दहावा हिस्सा बारीक वाळू किंवा भाजक्या खापराची कुटून चाळलेली पूड मिसळा. त्याने आकस कमी होतो आणि वाफेला बाहेर पडायला वाट मिळते. याहून जास्त घातली तर अक्षरांच्या कडा दाणेदार येतात. चांगली पंधरा मिनिटं मळा. तारेने कापून आत पोकळी दिसते का पाहा. एका दिव्याला साधारण १५० ते १७५ ग्रॅम ओली माती लागते.

दाबणं आणि जोडणं

दोन लाकडी पट्ट्या ५ मिमी जाडीच्या ठेवून त्यांच्यामध्ये माती पोळीसारखी लाटा, जाडी आपोआप सारखी राहते. आधी कंगोऱ्याच्या खाचेत आणि बुडावरच्या अक्षरांत वाटाण्याएवढ्या गोळ्या अंगठ्याने दाबून भरा. मग त्यांवर पोळी बसवा. उलट केलं, म्हणजे आधी पोळी टाकली, तर पोळी खाचेवर ताणून बसते, आत हवा राहते आणि कंगोरा अर्धवट उठतो. चोचीच्या निमुळत्या भागात बोट जात नाही, तिथे पेन्सिलीचा मागचा बोथट भाग वापरा. जुन्या फुटक्या दिव्यांच्या आत अजून कुंभाराच्या बोटांचे ओढलेले माग दिसतात. आतून गुळगुळीत करायची तसदी कुणी घेत नसे, आपणही घेऊ नये. जाडी मात्र सारखी हवी. चकती ३ मिमी आणि बूड ७ मिमी झालं की पातळ भाग आधी वाळतो आणि दोन्हींच्या मध्ये चीर जाते.

काठ साच्याच्या पातळीला कापू नका. मिलीमीटरभर वर राहू द्या. दोन्ही काठांवर काट्याने चरे पाडा, त्याच मातीची दाट रबडी लावा आणि खालच्या भागाच्या काठावर आतल्या बाजूने दोऱ्याएवढी मातीची बारीक वळी ठेवा. एकदा साचा बंद झाला की आतून सांधा लिंपता येत नाही, ते काम ही वळी करते. टेंगळं खळग्यांत बसवून साचा घट्ट दाबा, रबर बँडने किंवा सुतळीने बांधा.

कोरड्या साच्यात अर्ध्या ते पाऊण तासात माती कडांपासून सुटते. वरचा भाग आधी उचला. चिकटतोय असं वाटलं तर ओढू नका, आणखी दहा मिनिटं थांबा. एका दिवसात चार-पाच दिवे काढले की साचा पाणी पिऊन तट्ट होतो आणि मग माती चकतीलाच चिकटून फाटते. तेव्हा रात्रभर वाळू द्यावा.

भोकं

साच्यातून काढल्यावर तासाभरात, माती हाताला थंड लागते पण बोटाचा ठसा सहज उमटत नाही अशा वेळी भोकं पाडा. सुरी किंवा खिळा वापरला तर मातीचा तुकडा आत पडतो, पुढे तेलात फिरतो आणि वातीखाली अडकतो. १० मिमीची पातळ धातूची नळी फिरवत घुसवली तर तुकडा नळीतच अडकून बाहेर येतो. तेलाचं भोक ८ ते १० मिमी, वातीचं १० ते १२ मिमी, पन्हळीतलं २ ते ३ मिमी. भाजल्यावर सगळी थोडी लहान होतात हे लक्षात ठेवा. वातीचं भोक चोचीच्या टोकाच्या फार जवळ नेऊ नका. पुढे ५ मिमी माती राहिली पाहिजे, नाहीतर ज्वाळेने तापून तीच कड पहिली तुटते.

एखादं भोक पाडायचं राहून गेलं तर चालेल, सगळीच राहिली तर नाही. आत कोंडलेल्या ओलीची वाफ होते आणि दिवा भट्टीत फुटतो, शेजारचे दोन-तीन घेऊनच.

आता सांध्यावरची शिवण पात्याने खरवडा, ओल्या बोटाने दाबून एकजीव करा. खरवडणं आधी, पाणी नंतर. पाणी आधी लावलं तर शिवणीतली रबडी निघून येते.

लाल हात

रोमन दिव्यांना बहुधा पातळ मातीचा हात दिलेला असे. तो भाजल्यावर नारिंगी ते तपकिरी होई आणि तेल झिरपणं काही अंशी रोखी. त्यासाठी तीच माती भरपूर पाण्यात कालवून रात्रभर ठेवा, वरचं स्वच्छ पाणी ओतून द्या, मधला दुधासारखा थर घ्या आणि तळचा गाळ सोडा. त्यात वजनाच्या दहाव्या हिश्श्याने बारीक काव मिसळली की रंग गडद येतो. दिवा अर्धवट वाळला असताना बुडाशी धरून उलटा बुडवा आणि लगेच काढा. बुडाशी बोटांचे कोरडे ठसे राहतात. जुन्या दिव्यांवरही ते असतात. पूर्ण वाळलेल्या दिव्यावर हात दिला तर तो पापुद्र्यासारखा सुटतो.

वाळवणं आणि भाजणं

सावलीत पाच ते सात दिवस. चोच आधी वाळते, म्हणून पहिले दोन दिवस तिच्यावर ओलसर चिंधी टाका. चोच आणि अंग यांच्या सांध्यावर जाणाऱ्या बहुतेक चिरा चिंधी न टाकल्याने गेलेल्या असतात.

विजेची भट्टी असेल तर १०० अंशांवर दोन तास थांबा. तिथून ६०० पर्यंत तासाला ६० ते ८० अंशांनी चढा. या टप्प्यात मातीच्या कणांत बांधलेलं पाणी निघतं आणि ५७३ अंशांना वाळूतल्या गारेचं आकारमान एकदम बदलतं. घाई केली तर इथेच चीर जाते. ६०० नंतर तासाला १०० ते १२० अंश, ९०० ला वीस-तीस मिनिटं मुक्काम. मग भट्टी बंद करून हात लावायचा नाही. आतलं तापमान १०० च्या खाली आल्याशिवाय दार उघडू नये.

भट्टी नसेल तर जवळच्या कुंभाराच्या आव्यात दिवे लावायला द्या. सुटे दिले तर लाकडं-गोवऱ्या ढासळताना चोची मोडतात. मोठ्या मडक्यात ठेवून द्यावेत. आव्यात तापमान कमी आणि असमान असतं, त्यामुळे दिवा जरा मऊ भाजतो आणि जास्त तेल पितो. हवा कमी मिळालेल्या जागी राखाडी-काळे डाग पडतात. ते काही घासून जात नाहीत. दिवा नखाने टिचकी मारून पाहा. खणखणीत वाजला तर ठीक, बद्द वाजला तर कुठेतरी चीर आहे.

पेटवणं

नव्या पणत्या आपण वापरण्याआधी पाण्यात भिजवतो, तसाच हा दिवाही दोन तास भिजवा आणि बाहेरून पुसून घ्या. मातीची छिद्रं पाण्याने भरलेली असली की तेल कमी मुरतं. तरी पहिल्या काही वेळा बुडाशी तेल येणारच, म्हणून खाली ताटली.

रोममध्ये मुख्य तेल ऑलिव्हचं. इजिप्तमध्ये एरंडेल चाले. तिळाचं तेल तर पहिल्या शतकात भरूच आणि अरिआके या पश्चिम किनाऱ्यावरच्या प्रदेशातून आफ्रिकेच्या बंदरांना जात असे, हे ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत नोंदलेलं आहे. इथे ऑलिव्ह महाग वाटत असेल तर तिळाचं तेल बिनधास्त वापरा. खोबरेल थंडीत थिजतं आणि वात कोरडी जळते. रॉकेल किंवा स्पिरिट कधीही नाही. पणतीत ते जितकं धोक्याचं, झाकलेल्या दिव्यात त्याहून जास्त, कारण वाफा आत साठतात.

वात जवसाच्या धाग्याची असे, कधी पपायरसची. साधा सुती दोरा दुहेरी पिळून ४ मिमी जाड, १० सेंमी लांब वात करा. तेलात भिजवून चोचीतून आत सारा, शेपूट बुडापर्यंत गेलं पाहिजे. भोक गच्च भरू नये. बाहेर ३ ते ४ मिमी एवढीच. ८ मिमी ठेवली की ज्योत मोठी दिसते आणि पाच मिनिटांत छतापर्यंत काजळीची रेघ जाते. तेल चकतीपासून अर्धा सेंमी खाली राहील इतकंच भरा. पन्हळीत सांडलेलं तेल वातीकडेच वाहत जातं, तिचा उपयोग तोच.

ज्योत हळूहळू लहान होत गेली तर बहुधा तेलाची पातळी उतरलेली असते. ऑलिव्हसारखं दाट तेल वातीतून फार उंच चढत नाही. हे दिवे इतके चपटे असण्यामागे तेही कारण आहे. भर घालूनही ज्योत वाढली नाही तर टोकावर कोळसा साठलाय. विझवून, टोक खुडून, दाभणाने वात थोडी ओढा. तेल किती लागतं ते पेटवण्याआधी आणि तासाभराने दिवा वजनकाट्यावर ठेवून मोजा. वातीच्या जाडीप्रमाणे आकडा बराच बदलतो.

नववर्षाच्या भेटीसाठी वेगळे दिवे असत. त्यांच्यावर ढाल धरलेली विजयदेवता आणि ढालीवर ‘आन्नुम नोवुम फाउस्तुम फेलिकेम मिही’, म्हणजे ‘नवं वर्ष मला शुभ आणि सुखाचं जावो’. काहींवर ‘मिही’ऐवजी ‘तिबी’, म्हणजे ‘तुला’. पहिल्या मजकुराचा दिवा भेट कसा द्यायचा, हा प्रश्न तेव्हाच्या गिऱ्हाइकाला पडला असेलच. अशी ढाल करायची तर अक्षरं ४ मिमीची होतात आणि ती वाळूमिश्रित मातीत उठत नाहीत. त्या दिव्याला पूड न घातलेली, दोनदा गाळलेली माती घ्या.

साचा झिजल्यावर

पंचवीस-तीस दिव्यांनंतर साच्यातला कंगोरा बोथट आणि अक्षरं उथळ होतात. अशा वेळी हाताशी असलेल्या चांगल्या दिव्यावरूनच नवा साचा काढण्याचा मोह होतो. रोमन प्रांतांतल्या कुंभारांनी हेच केलं. विकत आणलेल्या फोर्तिसच्या दिव्यावर साचा दाबला आणि फोर्तिसच्या नावासकट दिवे विकले. पण तो दिवा आधीच आकसून १० सेंमीचा झालेला असतो. त्यावरच्या साच्यातला दिवा ९ सेंमीचा, त्यावरून पुढचा ८.१, चौथा ७.३. दर पिढीला दहावा हिस्सा जातो आणि कडाही बुजतात. ‘फोर्तिस’मधली अक्षरं शेवटी नुसत्या फुगवट्यांसारखी उरतात. एकाच नावाचे, एकाच घडणीचे पण लहान-लहान होत गेलेले दिवे शेजारी ठेवले की कुठला कशाची नक्कल आहे हे अभ्यासकांना मापपट्टीवर दिसतं.

सुरुवातीला काढून ठेवलेल्या प्लास्टरच्या प्रती यासाठीच. प्लास्टर घट्ट होताना आकसत नाही, उलट नगण्य फुगतं. दोन्ही अर्धे सांध्यावर चिकटवा, साबणाचे पाच हात द्या आणि शाडूच्या नमुन्याच्या जागी तो ठोकळा गादीत बसवून नवा साचा ओता. नाव आधीच कोरलेलं असल्याने पुन्हा उलटं लिहावं लागत नाही आणि नव्या साच्यातला दिवाही ९.९ सेंमीचाच निघतो. प्रत काढायला विसरला असाल आणि साचा अजून फार झिजलेला नसेल तर पुढचा दिवा दाबण्याआधी तो पाण्यात भिजवून, साबण लावून आजच प्रत काढून घ्या.